ड्रॉइंग झकास, पण बदललेली प्रिंट शॉपवर पोचत नाही: एडीएचडी असलेल्या सहकाऱ्याबरोबर काम कसं जमवता?

टेस्टिंगवाली_बडोदा

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची. मकरपुरा जीआयडीसीत इलेक्ट्रिकल पॅनेल बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात टेस्टिंग आणि क्वालिटी बघते. शेठ गुजराती, शॉपवरचे फोरमनकाका गुजराती, डिझाइनला दोघं जण, त्यातला एक आपला मराठी मुलगा, तिशीच्या आतला. त्याच्याबद्दल विचारायचंय. नाव लिहीत नाही. आपल्याकडे दांडिया बाजारात कुणी शिंकलं की रावपुऱ्यात विचारपूस सुरू होते, त्यामुळे इथे त्याला नुसतं 'डिझायनर' म्हणते.

गेल्या वर्षी त्याला एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जातं त्या अवस्थेचं, निदान झालं. ऑफिसात हे फक्त मला माहीत आहे. दुपारी सेव-उसळ खायला बाहेर पडलो होतो, तिथे डिश हातात असताना त्याने दोन वाक्यांत सांगून टाकलं आणि लगेच 'ताई, तरी अजून घ्यायची का?' म्हणून विषय बदलला. मीही फार खोदलं नाही.

त्याची जमेची बाजू आधी सांगते, नाहीतर तुम्ही भलतंच समजाल. एका इन्स्पेक्शनच्या आदल्या संध्याकाळी स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी स्टार, मग डेल्टा जोडणीत चालवणारा) टेस्टला लावला होता. बटण दाबलं, स्टारने ओढलं, टायमरची वेळ झाली, स्टार सुटला आणि डेल्टा पकडेचना. वायरमन टायमर बदलायला निघाला, दुसरा म्हणतोय कॉइल उडाली. हा घरी जायला बॅग खांद्याला लावून दारात उभा. म्हणाला, 'परत एकदा चालवा.' बघत नव्हता, ऐकत होता. मग बॅग तशीच ठेवून आत आला आणि स्टारच्या ऑक्झिलरी कॉन्टॅक्टवर बोट ठेवलं. डेल्टाच्या कॉइलला इंटरलॉक म्हणून स्टारचा एनसी, म्हणजे स्टार सुटलेला असताना जोडलेला राहणारा कॉन्टॅक्ट जायला हवा, नंबर २१-२२. वायर बसली होती १३-१४ वर, म्हणजे नेमक्या उलट चालणाऱ्यावर. स्टार सुटला की डेल्टाची वाट बंद. वायर हलवली, डेल्टा खट्कन बसला. सगळं मिळून चहा प्यायला लागतो तेवढा वेळ. बॅग मात्र तो तिथेच विसरून गेला.

आता दुसरी बाजू. ग्राहकाचा मेल आला की इनकमर, म्हणजे पॅनेलचा मुख्य स्विच, ४०० ऐवजी ६३० अँपिअरचा करा. मेल फक्त त्याला. त्याने वाचला, त्याच दिवशी ड्रॉइंग बदललंसुद्धा. आणि बदललेलं ड्रॉइंग त्याच्या कॉम्प्युटरवरच राहिलं. शॉपवर जुनी प्रिंट. फोरमनकाकांनी जुन्या मापाने बसबार (वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या) कापले, वाकवले, भोकं पाडली, स्लीव्ह चढवल्या. तांब्याचा भाव मी सांगायला नको. काकांनी त्यातला एक बसबार आणून त्याच्या टेबलावर ठेवला. बोलले एक अक्षर नाही. हा दिवसभर जेवायलाही उठला नाही.

असं मोठं प्रकरण वरचेवर होत नाही, पण लहान रोज. 'वायर शेड्यूल (कुठली वायर कुठून कुठे जाते याची यादी) पाठवतोस ना?' 'पाठवतो.' आणि नाही. मिटिंगमध्ये दुसऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हा मध्ये बोलतो, बहुतेक वेळा बरोबरच बोलतो, त्यामुळे समोरचा आणखी चिडतो. डिझाइनमधली दुसरी मुलगी त्याची राहिलेली कामं गुपचूप उरकते असं मला वाटतं. फोरमनकाका 'पेलो भूलकणो' (तो विसरभोळा) म्हणतात, तेही त्याच्या कानावर जातं.

मला तो टिकायला हवाय, आणि माझ्या टेस्टिंगला चुकीची पॅनेल यायला नकोत. मी नक्की काय करू? मागे लागू की नको? शेठना सांगू का? 'बिचारा' म्हणून सोडून देणं त्यालाही आवडणार नाही, मलाही जमणार नाही.

जुना_सुपरवायझर

ताई, राग मानू नका. तीस वर्षं लोकांकडून काम करून घेतलंय. आमच्या वेळी हे एडीएचडी वगैरे नव्हतं. धांदरट माणूस दोनदा बोलणी खायचा आणि सुधारायचा, नाहीतर दुसरी नोकरी बघायचा. आता प्रत्येक गोष्टीला डॉक्टरी नाव आलंय. तुमच्या त्या दुसऱ्या मुलीचा विचार कोण करणार? तिला काही आजार नाही म्हणून तिने दुप्पट काम करायचं?

मनाचा_डॉक्टर_ग्वाल्हेर

काका, तुमचा शेवटचा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि त्याचं उत्तर ताईंना द्यावं लागेल. पहिला मुद्दा मात्र टिकत नाही. अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरांनी लक्ष न टिकणाऱ्या माणसांबद्दल १७९८ मध्ये लिहून ठेवलंय. जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये अशा मुलांवर व्याख्यानं दिली. तुमच्या वेळीही ही माणसं होती. ती बोलणी खाऊन सुधारली नाहीत, तुमच्या खात्यातून निघून गेली. तुम्हीच लिहिलंय.

निदान काही कुणाच्या मनावर नसतं. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या २०१३ च्या निकषांप्रमाणे लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून दिसलेली हवीत, घर आणि काम अशा निदान दोन ठिकाणी हवीत, किमान सहा महिने टिकलेली हवीत. मोठ्या माणसात नऊपैकी निदान पाच. आणि त्यामुळे आयुष्यात खरोखर अडत असलं पाहिजे. मोबाइलवरची प्रश्नावली भरून होणारं हे काम नाही. म्हणून ताई, ऑफिसातल्या बाकीच्यांपैकी कुणी 'मलाही तेच आहे' म्हणालं तर हसू नका आणि लगेच मान्यही करू नका, तपासून घ्यायला सांगा.

तुमच्या दोन प्रसंगांत खरं तर सगळं आलंय. स्टार्टर समोर होता, आवाज करत होता, उद्या इन्स्पेक्शन होतं. लक्ष आपोआप तिथे गेलं आणि घट्ट बसलं. ड्रॉइंग बदलणंही कोडंच होतं, तेही झालं. प्रिंट काढून खाली नेऊन देणं यात कोडं काहीच नाही, आवाज नाही, आणि मध्ये फोन वाजला की ते काम डोक्यातून पुसलं जातं. कामचलाऊ स्मृती, म्हणजे हातातलं काम संपेपर्यंत पुढची पायरी डोक्यात धरून ठेवायची ताकद, इथे कमी पडते. बुद्धीशी याचा संबंध नाही. कळकळीशी तर नाहीच. जेवायला न उठलेला माणूस बेफिकीर नसतो.

शेठना तुम्ही सांगायचं नाही. ती त्याची गोष्ट आहे, त्याला वाटलं तर तो सांगेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार दिलेत, त्यात एडीएचडी स्वतंत्र नावाने नाही, तेव्हा 'कायदा आहेच' असं समजून त्याने आधीच जाहीर करावं असा सल्लाही मी देणार नाही. कामाची सोय मागायला आजाराचं नाव सांगावं लागत नाही.

एक बारीक गोष्ट. तो औषध घेतो का हे विचारू नका, पण घेत असला तर त्याला अधूनमधून अर्धा दिवस लागू शकतो. मेथिलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीत मोडतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि सगळी दुकानं ते ठेवत नाहीत. हे नाक्यावर जाऊन क्रोसिन आणण्याइतकं सोपं नाही.

अलकापुरीतली

मी स्वतः एडीएचडीवाली, बडोद्यातच सॉफ्टवेअरमध्ये आहे. निदान पस्तिशीत झालं. शाळेत बाकावर उभी राहणारी मुलं सगळ्यांना दिसायची. खिडकीबाहेर बघत गप्प बसणारी मुलगी 'शांत' ठरायची. असो.

ताई, त्याचा 'पाठवतो' खोटा नसतो. त्या क्षणी तो शंभर टक्के पाठवणारच असतो. फक्त तुम्ही त्याला जिन्यात विचारलेलं असतं आणि वर जाईपर्यंत दोन माणसं भेटलेली असतात. म्हणून जिन्यात काही सांगूच नका. त्याच्या टेबलाशी जा, फाइल उघडी असताना सांगा, आणि 'कधी देशील' विचारण्याऐवजी 'आधी काय उघडणार?' हे विचारा. उघडलं की निम्मं झालं. माझी टीम लीड हेच करते, आणि ती जाताना मी टाइप करायला लागलेली असते.

तारखांचं सांगते. माझ्या डोक्यात 'गुरुवार' नावाचा वार नाही. एक तर आज असतो, नाहीतर कधीतरी. 'गुरुवारपर्यंत' म्हटलं की ते कधीतरीच्या ढिगात जातं. 'आज जेवायच्या आधी पहिली दोन पानं दाखव' म्हटलं तर दाखवते. पण खोट्या तारखा देऊ नका. 'सोमवारी हवंय' म्हणून रात्र जागवायची आणि ग्राहकाला बुधवारी पाठवायचं, हे एकदा कळलं की त्यानंतर तुमच्या कुठल्याच तारखेवर विश्वास बसत नाही. तारखेचं कारण सांगा. 'गुरुवारी लेसर कटिंगवाला गाडी घेऊन येतो, शीट तेव्हा गेली नाही तर उत्तरायणाच्या सुट्टीनंतर जाईल.' हे लक्षात राहतं, कारण त्यात गाडी आहे.

शेजारी बसणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. बोलायचं नाही, तपासायचं नाही, कुणीतरी आपापलं काम घेऊन नुसतं शेजारी बसायचं. कंटाळवाणं काम मी एकटी असले की होत नाही, माणूस शेजारी असला की होतं. का ते डॉक्टरसाहेब सांगतील, मला फक्त एवढं माहीत आहे की माझे प्रवासखर्चाचे फॉर्म आता वेळेवर जातात.

मध्ये बोलण्याचं कारण साधं आहे: आत्ता नाही बोललो तर ते निसटणार, ही भीती. त्याच्यापुढे कोरा कागद ठेवा. एकट्याला गाठून सांगा की सुचलं की लिही, तुझी पाळी मी आणते. आणि मग खरंच आणा. पाळी आली नाही की दुसऱ्या मिटिंगपासून कागद तसाच कोरा राहतो.

तो बसबारवाला प्रकार मात्र वाचून सहन झाला नाही. न बोलता वस्तू टेबलावर ठेवणं ही आमच्यासाठी सगळ्यात वाईट शिक्षा, कारण उरलेलं बोलणं आम्ही स्वतःच स्वतःला ऐकवतो, आणि ते काकांपेक्षा कडक असतं. चुकलं तर त्याच दिवशी, एकट्याला, दोन वाक्यांत सांगा: काय झालं, आता काय करायचं. 'एवढा हुशार आहेस, मग एवढं साधं कसं जमत नाही?' हे वाक्य तर पहिलीपासून ऐकतोय. त्याचं उत्तर आमच्याकडे असतं तर प्रश्नच आला नसता.

आणि कृपा करून त्याला 'ही तर तुझी शक्ती आहे' वगैरे सांगू नका. माझं लाइटबिल दरवेळी दंडासकट भरलं जातं. शक्ती असती तर दंड तरी वाचला असता.

पीथमपूर_क्यूए

मी इंदूरचा, पीथमपूरला क्वालिटीत. ताई, तुम्ही क्वालिटीच्या आहात म्हणून तुमच्याच भाषेत बोलतो. त्या मुलाला एडीएचडी नसता तरी तो बसबार चुकीचाच कापला गेला असता. फक्त कधीतरी नंतर.

बघा ना. ग्राहकाचा बदल आला एका माणसाच्या मेलवर. ड्रॉइंग बदललं त्याच माणसाने. जुनी प्रिंट शॉपवरून काढायची कुणी? त्यानेच. नवी द्यायची? त्यानेच. खाली गेली की नाही हे तपासायचं? पुन्हा त्यानेच. हा माणूस तापाने घरी पडला असता तर? लग्नाला सांगलीला गेला असता तर? आयएसओ ९००१ चं, म्हणजे क्वालिटीच्या पद्धतींच्या मानकाचं, सर्टिफिकेट तुमच्या रिसेप्शनवर फ्रेममध्ये असेलच, बहुतेकांच्या असतं. २०१५ च्या आवृत्तीत ८.२.४ वाचा: ग्राहकाची मागणी बदलली तर कागद सुधारायचे आणि संबंधित माणसांना कळवायचं, ही जबाबदारी संस्थेची. ७.५.३ मध्ये कागदांतल्या बदलांवर, म्हणजे कुठली आवृत्ती चालू आहे यावर, नियंत्रण ठेवायला सांगितलंय. कुठल्या डिझायनरची आठवण किती चांगली हवी असं कुठेही लिहिलेलं नाही.

आमच्याकडे असाच एक भिया आहे. त्याला निदान-बिदान काही नाही, विसरतो एवढं खरं. आम्ही सगळ्यांसाठीच पद्धत बदलली. तेव्हापासून त्याच्याकडे कुणी बोट दाखवत नाही, कारण पद्धत त्याच्यासाठी आहे हे कुणाला दिसतच नाही. तुम्ही फक्त त्या मुलासाठी खास तक्ता लावलात तर उद्या संपूर्ण शॉप विचारेल, 'याला काय झालंय?'

टेस्टिंगवाली_बडोदा

सगळ्यांचे आभार. लगेच उत्तर दिलं नाही कारण आधी करून बघायचं होतं. दिवाळीही मध्ये गेली.

पहिल्यांदा त्याच्याशी बोलले. टेस्टिंग रूममध्ये, शिफ्ट सुटल्यावर. मला वाटलं होतं मीच सुचवेन, पण त्याने खिशातून कागद काढला. आधीच लिहून ठेवला होता, द्यायचा राहिला होता. त्यावर पहिली ओळ: 'ग्राहकाचा मेल मला एकट्याला येऊ देऊ नका.' म्हणजे पीथमपूरचे दादा म्हणाले तेच.

मग एक सामायिक मेल आयडी काढला, तो डिझाइन, मी आणि स्टोअर असा तिघांना दिसतो. आणि एक रजिस्टर. शॉपवर नवी प्रिंट हवी असेल तर फोरमनकाकांनी जुनी माझ्याकडे आणून द्यायची. जुनी हातात आली की मी तिच्यावर लाल 'रद्द' मारते, मगच नव्या प्रिंटवर माझा शिक्का पडतो. शिक्का नसलेल्या प्रिंटवर काका पत्रा कापत नाहीत. नियम सगळ्यांना.

यातून जे बाहेर आलं त्याने मीच चाट पडले. रजिस्टरमध्ये सगळ्यात जास्त वेळा अडकले ते आमचे शेठ! ते ग्राहकाशी फोनवर बोलता बोलता परस्पर काकांना 'दोन फीडर वाढवून टाका' सांगतात, कागद कुठेच नाही. इतकी वर्षं याचं खापर कुणाकुणावर फुटलं असेल देव जाणे. त्यांना रजिस्टर दाखवलं तेव्हा पहिला प्रश्न, 'एमां खर्चो केटलो?' खर्च काही नाही म्हटल्यावर, 'तो करो ने!' एडीएचडीचा शब्दही काढावा लागला नाही.

दुपारी चारनंतर तो लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत येतो. मी टेस्ट रिपोर्ट लिहिते, तो ड्रॉइंग इश्यू करतो आणि वायर शेड्यूल पाठवतो. बोलत नाही. अलकापुरीतल्या ताई, तुमचं म्हणणं मी निम्म्या अविश्वासाने वाचलं होतं, पण वायर शेड्यूल येतायत. ज्या दिवशी हाय-व्होल्टेज टेस्ट असते त्या दिवशी खोलीत कुणाला येऊ देत नाही, तेव्हा आम्ही स्टोअरच्या टेबलावर बसतो. तिथे स्टोअरवाला बोलत राहतो आणि काम निम्मंच होतं, हेही खरं.

काय चाललं नाही तेही लिहिते. भिंतीवर पांढरा बोर्ड लावला, चार रंगांची पेनं आणली. सुरुवातीला तो रोज बघायचा, नंतर बोर्ड भिंतीचाच भाग झाला; आता त्यावर कँटीनचा हिशेब आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आठवण करणं तर उलटंच पडलं. काका ग्रुपवर नुसतं प्रश्नचिन्ह टाकायचे, एका ड्रॉइंगसाठी चार प्रश्नचिन्हं, आणि सगळ्यांच्या देखत. त्याने ग्रुप म्यूट केला. त्यात एक खरंच तातडीचं होतं, ते गेलं. आता तातडीचं असेल तर फोन, नाहीतर रजिस्टर. मधलं काही नाही.

सुपरवायझर काका, आता तुमचा प्रश्न. डिझाइनमधल्या मुलीशी बोलले. माझा अंदाज खरा निघाला, ती त्याच्या प्रिंट काढून खाली देत होती, आणि वर 'मदत करते' असंही कुणी म्हणत नव्हतं. चिडलेली होती, आणि तिचं चिडणं रास्त होतं. त्याचं निदान तिला सांगितलं नाही, अजूनही माहीत नाही. तिला विचारलं की तुझं कुठलं काम तुला नकोसं होतं. म्हणाली, टेंडरच्या जाड स्पेसिफिकेशनमधून आमच्या ड्रॉइंगला काय लागू पडतं ते शोधणं, आणि दुसऱ्याच्या स्कीमॅटिकमधल्या (सर्किटच्या ड्रॉइंगमधल्या) चुका काढणं. याला तर तेच आवडतं! मग अदलाबदल उघड केली. कागद देणं-घेणं तिचं, स्कीमॅटिक तपासणं त्याचं, दोघांच्याही कामाच्या यादीत लिहून. पगारवाढीच्या वेळी ते मोजलं जाईल असं शेठकडून वदवून घेतलंय. वदवून घेणं आणि प्रत्यक्ष होणं यात एप्रिल आहे, बघू.

मिटिंगमधलं मध्ये बोलणं अर्धंच कमी झालंय. कागद ठेवते, पाळी आणते. पण शेठ असले की कुणाचीच पाळी येत नाही, त्याला एकट्याला काय बोलणार?

आणि नवरात्र. तो गरबा सोडत नाही, रात्री उशिरा घरी, झोप अर्धवट, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडून काहीही घेण्यात अर्थ नसतो. त्याने स्वतःच विचारलं होतं की त्या नऊ दिवसांत अकराला येऊन आठपर्यंत बसू का. यंदा ते झालं नाही. पुढच्या वर्षीसाठी मी म्हणतेय की द्यावं, फोरमनकाका म्हणतात मग सगळेच मागतील. सगळ्यांनी मागितलं तर बडोद्यात आश्चर्य काय?

जुना_सुपरवायझर

पगारवाढीच्या यादीत घातलंत ते बरं केलंत. माझं म्हणणं तेवढंच होतं. बाकी रजिस्टर आमच्याकडेही होतं हो, पहिल्या पानानंतर कोरं. तुमच्याकडे भरतं कोण?

टेस्टिंगवाली_बडोदा

आपणहून कुणीच भरत नाही, काका. म्हणून तर जुनी प्रिंट परत देण्याची अट. नवी हवी असेल तर माझ्यापर्यंत यावंच लागतं, आणि आलेला माणूस सही करूनच जातो. मी रजेवर असले की शिक्का स्टोअरमध्ये असतो.

अलकापुरीतली

नवरात्राच्या शिफ्टबद्दल मी तुमच्या बाजूने! आणि त्याने कागद लिहून ठेवला होता, द्यायचा राहिला होता, हे वाचून मी ऑफिसात एकटीच हसले. रजिस्टरचे रकाने कसे आखलेत ते सांगाल का? आमच्याकडे प्रिंट नसते, पण ग्राहकाने फोनवर सांगितलेले बदल आमच्याकडेही असेच हवेत विरतात.

टेस्टिंगवाली_बडोदा

सांगते. तारीख आणि वेळ. बदल कुणी सांगितला आणि कसा: मेल, फोन की तोंडी. तोंडी असेल तर सांगणाऱ्याची सही, शेठची सुद्धा. मग काय बदललं, एका ओळीत. दुसरी ओळ लागली तर ते ड्रॉइंगवर लिहायचं. नवा रिव्हिजन नंबर. जुनी प्रिंट कुणी परत दिली. आणि शेवटी 'आधीच काय कापून झालंय?' हा रकाना फोरमनकाकांनी सुचवला आणि तोच सगळ्यात कामाचा ठरला, कारण बदल आला तेव्हा पत्रा कुठल्या अवस्थेत होता ते ग्राहकाला दाखवता येतं आणि वाढीव पैसे मागता येतात. तुमच्याकडे पत्र्याच्या जागी 'आधीच काय लिहून झालंय' करा. फोटो टाकला असता, पण पानांवर ग्राहकांची नावं आहेत. उद्या कोरं पान काढून टाकते.